तिसरं पेडल

"हा गिअरबॉक्स बसणार नाही," आ क्यांग म्हणाला.

"गेल्या आठवड्यात तूच म्हणालास, बसेल."

"बॉस, गेल्या आठवड्यात मी आशावादी होतो."

रिझालने कपाळावर हात मारून घेतला. ताइपिंगमधल्या क्यांगच्या गॅरेजात त्याच्या वडिलांची चौऱ्याऐंशी सालची जर्मन डिझेल गाडी चार महिने जॅकवर लटकत होती. तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून हाताने टाकायच्या गिअरचा बसवायचा होता. पहिला आणला तो पेट्रोल गाडीचा निघाला; इंजिनाशी भोकंच जुळेनात. दुसरा डिझेलचाच होता, पण व्हॅनचा.

या सगळ्याचं कारण ते वडील, अबाह. वय शहात्तर. त्याआधीच्या सहा महिन्यांत त्यांनी सुराव या छोट्या मशिदीबाहेरचं चपलांचं कपाट, शेजारच्या कोंबड्यांचं खुराडं आणि एक दुरियान फळांचा ठेला, अशी तीन ठिकाणं सर केली होती. दर वेळी ब्रेकवर जायचा पाय अॅक्सिलरेटरवर पडे. "दुरियान मधे आले," असं त्यांचं म्हणणं. किल्ली काढून घेतली तर ते नऊ दिवस कुणाशी बोलले नाहीत. दहाव्या दिवशी किल्ली परत दिली, तर पुन्हा बोलायला लागले, ते जास्तच वाईट.

मग एकदा जेवताना माक, म्हणजे आई, भाताकडे बघत म्हणाली, "क्लचची गाडी असती तर यांना जमलंच नसतं. डाव्या गुडघ्यात स्टील आहे."

गाड्यांबद्दल माक सहसा बोलायची नाही. रिझालच्या लायसनच्या वेळी एकदा बोलली होती, आणि हे दुसऱ्यांदा. सकाळपर्यंत ती कल्पना रिझालची झाली होती.

अबाहना अर्थातच वेगळं सांगितलं. "मर्दाची गाडी करतोय, अबाह." ते इतके खूश झाले की रोज गॅरेजात येऊन, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, चहा ढोसत क्यांगला शिकवू लागले.

"पाकचिक," क्यांग गाडीखालून काकांना हाक मारावी तसं म्हणायचा, "तुम्ही रेल्वेत तिकिटं विकत होता ना?"

"रेल्वेला पण गिअर असतात."

माक डबा घेऊन यायची आणि मागे बसून राहायची. तिचं एकच विचारणं. "पारित बुंतारला कधी नेणार? बहिणीला बघून तीन वर्षं झाली."

"गिअरबॉक्स झाला की," बापलेक एका सुरात म्हणायचे.

तिसऱ्या गिअरबॉक्सचा पत्ता तिनेच दिला. सिंपांगला तिच्या चुलतभावाचं, करीमचं, हाफ-कटचं आवार होतं. जपानातून अर्ध्या कापून आलेल्या गाड्यांची पुढची धडं तिथे एकावर एक रचलेली असत. घाईत मागचा भाग घरीच विसरून आल्यासारखी. कोपऱ्यात जुन्या टॅक्सींचे अवशेष होते. क्यांगच्या व्हॅनमधून सगळे उतरले.

"ये गं, लॉरी!" करीम मामा माकला म्हणाला.

आईच्या जाडीवरचा हा टोमणा रिझालला मुळीच आवडला नाही. माक हसली.

क्यांगने एका गिअरबॉक्सचा दांडा हाताने फिरवून बघितला. "उत्तम."

"त्याचा तिसरा गेलाय," माक मागून म्हणाली. "तो पलीकडचा घ्या."

"तुला काय कळतं त्यातलं?" अबाह खेकसले.

"माझं शिलाई मशीन बिघडलं की असंच वाजतं."

क्यांगने झाकण उघडलं. तिसऱ्या गिअरचे दात गेले होते. त्याने गिअरबॉक्सकडे पाहिलं, माककडे पाहिलं आणि सिगारेट पेटवली.

बसवायला आणखी पाच आठवडे गेले. मागचा शाफ्ट चार बोटं लांब पडला, तो कापून पुन्हा जोडला. इंजिनाच्या दांड्यात एक बेअरिंग हवं होतं, ते कुठेच मिळेना. बसेल असं लेथवर घासून घेतलं. गिअरच्या दांडीसाठी तळाला भोक पाडताना क्यांग चिनीत जे म्हणाला ते रिझालला कळलं नाही, पण पटलं.

शेवटी गाडी जमिनीवर आली. अबाह ऐटीत बसले. डावा पाय क्लचवर ठेवला, दाबला. पेडल अर्धं उतरलं आणि अबाहचा चेहरा पूर्ण.

"जड केलायस."

"नवीन आहे, पाकचिक."

तिसऱ्या प्रयत्नानंतर ते स्वतःच उतरले. त्यांनी किल्ली बॉनेटवर ठेवली. रिझालला जिंकल्याचा आनंद झाला आणि लगेच लाज वाटली.

"तू ने," अबाह म्हणाले.

रिझाल आत बसला. त्याने खाली पाहिलं. तीन पेडलं. त्याचं लायसन फक्त ऑटोमॅटिकचं होतं. पाच महिने त्याने एकाच डाव्या पायाचा विचार केला होता; स्वतःचा राहून गेला होता.

"बॉस, आज जागा रिकामी करा," क्यांग म्हणाला. "हात जोडतो."

माक उठली. थर्मासचं झाकण घट्ट लावलं. डबा शेजारच्या सीटवर ठेवला. "उतर," ती रिझालला म्हणाली.

तिने पर्समधून लायसनचं कार्ड काढून समोर ठेवलं. दरवर्षी पोस्टात जाऊन ती काहीतरी नवं करून आणायची. रिझालला वाटे, बचत खातं असेल. किल्ली अर्धी फिरवून ती थांबली. सुरू करण्याआधी डिझेल गाडीचा छोटा पिवळा दिवा विझू द्यायचा असतो; अबाह त्यासाठी कधीच थांबले नव्हते. मग इंजिन सुरू झालं, आणि गाडी एकही धक्का न देता उलटी, दोन खांबांच्या मधून, रस्त्यावर गेली.

"लॉरी," क्यांग हळूच म्हणाला.

"भात कुकरमध्ये आहे," माक काच खाली करून म्हणाली. "मी पारित बुंतारला चाललेय. परवा येते."

"माक," रिझाल धावत खिडकीशी आला, "मग मला क्लचची शिकव ना!"

"ऑटोमॅटिकचंच लायसन काढ म्हणून मीच नव्हतं का सांगितलं तुला?" माक म्हणाली आणि पहिला टाकला.