जाळीमागे

"पाणी बघितलं नसणार, दुसरं काय!" शांतारामकाका चौथ्यांदा म्हणाले.

सांडोर गावात रेमंडच्या गॅरेजात त्यांची गाडी बॉनेट उघडून वाफ सोडत उभी होती. ड्रायव्हर जॅक्सन मान खाली घालून ऐकत होता. "निघताना बघितलेलं काका, पानी फुल होतं. काटा चढला तशी लगेच बंद केली." सोसायटीतल्या दहा-बारा जणांच्या गाड्या तो वर्दीवर, म्हणजे बोलावतील तेव्हा फेरीच्या पैशांवर, चालवायचा. त्याचं घर त्यावरच चालायचं.

इंजिन थंड होईपर्यंत काकांना दम निघेना. दुसऱ्याची चूक सापडली की ती चारचौघांत सांगितल्याशिवाय त्यांना चैनच पडत नसे. बाजूला जाऊन त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'जॅक्सनला कोणीही गाडी देऊ नये. आज माझं इंजिन जाळलं.' लगेच पाच अंगठे आले. काकांना जरा बरं वाटलं.

रेमंडने रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ. कुठे गळती नाही. गाडी चालू करून बघितली, तर पंखाही फिरत होता. मग त्याने पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो चिकटला नाही, सरळ खाली पडला.

"हवाच खेचत नाय. पुढे कायतरी अडकलंय."

इंजिन बंद करून त्याने खालून हात घातला आणि ओढलं. धुळीने माखलेला, दुमडलेला फ्लेक्स बाहेर आला. जॅक्सनने तो जमिनीवर उलगडला. गळ्यात हार घातलेले, हात जोडून हसणारे शांतारामकाका! खाली मोठ्या अक्षरांत, 'सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा.'

पावसाळ्यात गाडी उभी होती तेव्हा उंदीर वायरी कुरतडू नयेत म्हणून त्यांनीच तो आत खोचला होता. आणि साफ विसरले होते. त्यानंतर आज पहिल्यांदा गाडी हायवेला गेली होती.

"पोरानं वेळेत बंद केली म्हणून इंजिन वाचलं," रेमंड म्हणाला.

काकांना धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. तेवढ्यात जॅक्सनचा फोन वाजला. हात काळे झालेले, म्हणून त्याने स्पीकर लावला. तिसऱ्या मजल्यावरची सुरुची होती.

"जॅक्सन, रविवारी नको येऊस हां. आम्ही दुसरा ड्रायव्हर बघितलाय."

"गाडीचं कळलं वाटतं मॅडम? माझी चूक नव्हती ओ. काका इथेच हायेत." त्याने फोन काकांपुढे धरला. "काका, तुमीच सांगा ना त्यांना."

"अरे, काकांनीच तर ग्रुपवर टाकलंय," सुरुची म्हणाली.

काकांनी नजर फ्लेक्सकडे वळवली. दोनदा "हॅलो" म्हणून तिने फोन ठेवला.

जॅक्सनने फोन खिशात टाकला. त्याने फ्लेक्स उचलला, फडक्याने काकांच्या चेहऱ्यावरची धूळ पुसली, नीट घडी घातली आणि मागच्या सीटवर ठेवला. मग त्याने किल्ली काकांपुढे धरली.

"मी चालवू ना, काका?"