दगडापलीकडे दोन हात

“अवो, दगडाच्या पल्याड गेलात!” साळूबाई चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिली.

कुशाबाचा टिकाव थांबला नाही. “गेलो तर गेलो. दोन हातानं काय व्हतंय?”

दोन हातांनी काय होतं, ते त्या घराला वेगळं सांगायला नको होतं. परसाची हद्द कुठून जाते, यावरून कुशाबा आणि त्याचा धाकटा भाऊ काशीराम बारा वर्षांपूर्वी तोंड फिरवून बसले, ते बसलेच. एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या घरात जायचा, पण शब्द जात नव्हता. भांडणाच्या दिवशी कुशाबाची पहार काशीरामकडे होती, ती तिकडेच राहिली. मागायची कोणी? म्हणून आता सगळी खोदाई टिकावानेच चालली होती.

खोदायचं होतं ते शोभेच्या माशांच्या पिल्लांसाठी तळं. लेक अपेक्षा महाडला जाऊन हे मासे पाळायला शिकून आली होती. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट खोल. कंपनीतून रिटायर होऊन घरात माशा मारणाऱ्या बापाला काम मिळालं आणि गडी खुलला. साळूबाईलाही बरं वाटत होतं. तेवढा तो हद्दीचा दगड मात्र तिला झोपू देत नव्हता.

पलीकडच्या ओट्यावर काशीराम पान चघळत सगळं बघत बसायचा. तो दिसला की कुशाबाला जास्तच चेव यायचा.

“भावजी बघतायत. आता बोलतील काय तरी,” साळूबाई कुजबुजली.

“बोलू दे की,” कुशाबा म्हणाला. “चा आण आणखी.”

खड्डा झाला. दोघांनी तळातले खडे आणि मुळं वेचली, जुनी गोणपाटं अंथरली, वर निळी ताडपत्री पसरली. कडा चरात दाबल्या. पाणी भरून त्यात थोडं शेण कालवलं. पाणी हिरवट व्हायला आठवडा लागणार होता.

त्या आठवड्यात कुशाबाचा चेहरा उतरला. तळं गळतंय की काय, म्हणून साळूबाईने काठी घालून पाणी मोजलं. एक थेंब कमी झाला नव्हता.

रविवारी अपेक्षा वीर स्टेशनवरून रिक्षाने पिल्लं घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मोली माशांची शंभरेक पिल्लं, जिऱ्याएवढी. लगेच सोडायची नाहीत, पिशव्या आधी पाण्यावर तरंगू द्यायच्या, असं तिने बजावलं. साळूबाई हौसेने बघायला वाकली आणि तिची नजर हद्दीकडे गेली.

दगड जागेवर नव्हता. तळ्याच्याही पलीकडे, काशीरामच्या परसात दोन हात आत रोवलेला होता. त्याच्या बुडाशी ओली लाल माती दिसत होती.

“दगड हलवलात? सख्ख्या भावाची जागा खाल्लीत?” तिला रडूच फुटलं.

कुशाबा दगडाकडे बघतच राहिला. “मी नाय गो,” तो हळूच म्हणाला. “मला कशाला व्हवी जागा? निदान भांडायला तरी येईल, म्हणून खणत व्हतो.”

तेवढ्यात पलीकडून कोणीतरी खाकरलं. काशीराम येत होता. कोपरापर्यंत लाल मातीने माखलेला, खांद्यावर पहार.

“दादा, ही घे तुझी,” तो म्हणाला. “दगड लय खोल रुतला व्हता.”