तीनच्या आत

दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि गुणाजीचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. खाटेवरून खिडकीशी, खिडकीपासून परत टीव्हीसमोर. शेअर बाजार चार दिवस कोसळत होता. शेजारच्या निलेशने आपण सगळं विकून मोकळे झाल्याचं काल गॅलरीभर सांगितलं, तेव्हापासून ह्याला झोप नव्हती.

त्यांचा म्युच्युअल फंड बायकोच्या, सुभद्राच्या नावावर होता. अकरा वर्षं तिने परळभर जेवणाचे डबे पुरवले आणि महिन्याला दोन हजार त्यात टाकले. म्हातारपणी दोघांना तेवढाच आधार. ॲप मात्र गुणाजीच्या मोबाइलवर, कारण तिला त्यातलं काय कळतंय!

सकाळी ती म्हणाली होती, "पडलाय तेव्हाच विकू नये. बचत गटाच्या वर्गात नम्रता मॅडमनी सांगितलंय."

"तिसरी शिकलेली तू, मला अक्कल शिकवू नको."

ती पिशवी उचलून लालबागला मसाला कुटून आणायला गेली.

आता गुणाजीने 'सगळी रक्कम काढा'वर बोट दाबलं. ओटीपी गेला तिच्या नंबरवर. त्याने घाईघाईने फोन लावला.

"सहा आकडे आलेत बघ. वाच पटकन! तीनच्या आत झालं तरच आजचा भाव मिळेल."

"थांबा हो, इथे मिरची कुटतायत, डोळ्यांत नुसती आग होतेय." बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, "चार... सात... एक... हा तीन आहे की आठ?"

चुकला. दुसरा मागवला. तो तिने आणखी सावकाश वाचला, तोही चुकला.

"गो बाई, नीट बघ ना जरा!" गुणाजीला घाम फुटला होता.

"बघतेच आहे."

तिसराही चुकला. खातं चोवीस तासांसाठी बंद झाल्याचा लाल मजकूर स्क्रीनवर उमटला.

"अडाणी ती अडाणीच!" त्याने फोन खाटेवर आपटला. टीव्हीवरचे आकडे खाली खाली चालले होते. अकरा वर्षांची कमाई डोळ्यांदेखत पाण्यात जातेय, या विचाराने त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात दारात सिलिंडर आदळला. गॅसवाला घाम पुसत म्हणाला, "काका, कोड बोला. काकींच्या नंबरवर आलाय."

"आज नाही मिळायचा तुला कोड. आकडे वाचता येत नाहीत तिला," गुणाजी करवादला. तरी त्याने फोन लावला.

पलीकडे मिरची कुटल्याची धाडधाड तशीच चालू होती.

"नऊ, शून्य, चार, सात," सुभद्रा एका दमात म्हणाली. "आणि सिलिंडर काट्यावर घालून घ्या हां. मागच्या खेपेला पाऊण किलो कमी भरला होता."