तीन किका

"तीन किका. चवथी नाही," कचरूभाऊंनी बाजेवरूनच बजावलं.

सारिकानं मान डोलावली. तिचं चिखलीत स्वतःचं गॅरेज होतं, आणि या जुन्या राजदूत मोटरसायकलसाठी ती सकाळच्या पहिल्या गाडीनं बीबी गावाला आली होती. अट तिलाच काय, साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. तीन किकांत जो चालू करेल, राजदूत त्याची. फुकट.

"मी गेल्यावर हिचं कोंबड्याईचं खुराडं होईन, पोरी," कचरूभाऊ म्हणाले. "त्यापेक्षा जाणत्या हातात गेलेली बरी."

एके काळी बीबीतून दर रविवारी अकरा राजदूत लोणारला भजी खायला जायच्या. मग माणसं गेली, गाड्या भंगारात गेल्या. एकाच्या नातवानं तर आजोबाची गाडी लग्नाच्या फोटोपुरती अंगणात रंगवून उभी केली. आता उरली होती ही एक, आणि तिच्यावरचे दोन म्हातारे. कचरूभाऊंचे गुडघे गेले होते, तर प्रेमानंद मिस्त्रीची नजर साखरेनं खाल्ली होती. त्यामुळे किक प्रेमानंद मारायचा आणि हँडल कचरूभाऊ धरायचे. दोघांत मिळून एक धडधाकट माणूस होत होता, असं लोक म्हणायचे.

वर्षभरात नऊ जण येऊन घाम गाळून गेले होते. गाडी माणूस ओळखते, असं आता गावच म्हणू लागलं होतं.

"हे दोघं हायेत तोवर ते धूड काही अंगणातून हालत नाही," चहा देता देता कचरूभाऊंची सून बनाबाई म्हणाली आणि आत गेली.

सारिका गाडीजवळ गेली, पण तिनं लगेच किक मारली नाही. आधी वाकून पेट्रोलचा कॉक पाहिला. तो बंद होता. तिनं हसून तो कट्‌कन उघडला.

तो आवाज ऐकताच प्रेमानंदचा हात नकळत खिशाशी गेला. आधीच्या नऊ जणांपैकी एकालाही तो कॉक दिसला नव्हता. बटण दाबून गाडी चालू करणारी पिढी, तिला कॉक काय ठाऊक! ही मात्र खरी कारागीर होती. अशीच पोर मिळावी म्हणून कचरूभाऊ वर्षभर वाट पाहत होते.

तिनं चोक ओढला आणि पहिली किक मारली. काही नाही.

दुसरी मारली. तरी नाही.

सारिका थांबली. ठिणगीच पडत नसावी. "मिस्त्रीबाबा, प्लग खोलून पाहू का?"

"आज सकाळीच म्या माह्या हातानं बदलला," प्रेमानंद म्हणाला.

एवढ्यावर विषय संपला. म्हाताऱ्या मिस्त्रीनं बसवलेला प्लग त्याच्यासमोर खोलायचा म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडायचं. ज्या गॅरेजात ती शिकली तिथली ही पहिली शिस्त होती. तिनं पाना पिशवीत परत टाकला, दीर्घ श्वास घेतला आणि सारं अंग टाकून तिसरी किक मारली.

सायलेन्सरमधून नुसती हवा फुसकली.

"इच्या नशिबात मी नसन," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं राजदूतच्या टाकीवरून एकदा हात फिरवला, दोघांना "जय भीम, बाबा," म्हणाली आणि स्टँडकडे चालू लागली. प्रेमानंदला तिची मनापासून दया आली. अशी पोर पुन्हा येणार नाही, हे त्याला कळत होतं. खालमानेनं तो चहाचा कप उगाच फिरवत राहिला.

"हुशार पोरगी होती," कचरूभाऊ म्हणाले.

"हाव."

"तिलेच द्यायला पाह्यजे होती."

"तीन किका म्हंजे तीन किका, कचरूभाऊ. अट तुमचीच हाये."

सारिका वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत कचरूभाऊ रस्त्याकडे पाहत होते. मग बाजेला धरून हळूहळू उठले, खुंटीवरचा रुमाल डोक्याला गुंडाळला आणि राजदूतपाशी येऊन उभे राहिले.

"प्रेमा, खिशातला तो चांगला प्लग लाव आता," ते म्हणाले. "ऊन चढायच्या आत लोणारले जाऊन येऊ बे."