निळ्या दाराचं घर

आपली लेक यारिसा कुठे आहे, असं योकास्तानं विचारलं तेव्हा तिच्या सासूनं, फिदेलिनानं, हिरव्या केळ्यांची सालं काढणं थांबवलं नाही. जेवत असेल कुणाकडे तरी, म्हणाली. गल्लीतली नऊच्या नऊ घरं आपलीच. चार वर्षांची पोर उपाशी थोडीच राहणार?

योकास्ता शिवणकारखान्यातून नुकतीच परतली होती. दुपारचे अडीच वाजले होते. ती दुल्सेकाकूकडे गेली. दुल्से म्हणाली, पोरगी बाराला भात-राजमा खाऊन शेजारी तुझ्या थोरल्या जावेकडे गेली. थोरली म्हणाली, इथं आलीच नाही, मला वाटलं दुल्सेकडेच झोपली. तिसऱ्या घरातही तेच, चौथ्यातही. जिला विचारावं तिला वाटत होतं, पोर दुसरीकडे आहे. पाचव्या घरापासून योकास्ता पळायलाच लागली.

शेवटच्या घरापुढे, आंब्याखाली, चेपेकाका डॉमिनोचा डाव मांडून बसले होते. सासऱ्यांचे धाकटे भाऊ.

"दिसली ना. कालव्याकडे चालली होती," ते म्हणाले. "मला वाटलं, मागून कुणीतरी असेल."

बोलता बोलताच ते उठून कालव्याकडे निघाले.

भातखाचरांना पाणी सोडलं होतं. कालवा काठोकाठ, गढूळ वाहत होता. पुरुष अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले. एकमेकांचे हात धरून त्यांनी ओळ केली आणि ते पायांनी तळ चाचपत पुढे सरकू लागले. काठावरच्या बायकांत पोरीला हाक मारायचं धाडस कुणाला होत नव्हतं. फिदेलिना अनवाणीच आली, सुरी हातात तशीच, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली.

चेपेकाका मध्येच थांबले. वाकले. सगळी ओळ थांबली.

त्यांनी कुजलेला ओंडका वर काढला.

योकास्तानं तोंड फिरवलं, तेव्हा कालव्यापलीकडचं निळं दार तिला दिसलं. नणंदेचं, नेरेइदाचं घर. सासऱ्यांच्या मयताच्या दिवशी तिचं साऱ्या घराशी भांडण झालं, त्याला तीन वर्षं झाली होती; तेव्हापासून येणंजाणं बंद. तिथं विचारावं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. योकास्ता कालव्यावरच्या फळीवरून धावत पलीकडे गेली.

यारिसा आत्याच्या पुढ्यात बसली होती. एक वेणी झालेली, दुसरी बाजू मोकळी, तोंडात उसाची कांडी. नेरेइदानं वर पाहिलं. वहिनीचा चेहरा बघून तिच्या हातातला कंगवा तसाच राहिला.

योकास्तानं पोरीला ओढून उराशी धरलं आणि ती जमिनीवरच बसली. मग तिनं नणंदेकडे पाहिलं.

"कधीपासून येते?"

"चालायला लागली तेव्हापासून," नेरेइदा म्हणाली. "एकटी नाही येत. मी फळीच्या तुमच्या बाजूच्या टोकाला येऊन उभी असते."

मग नेरेइदा बाहेर गेली आणि पोरगी माझ्याकडे आहे, म्हणून तिनं ओरडून सांगितलं. पुरुष पाण्यातच उभे राहिले, एकमेकांचे हात धरून, जणू ऐकूच आलं नाही. फिदेलिना तेवढी काठावर चढली. फळीपाशी आली, खालच्या पाण्याकडे बघून थबकली आणि तिनं लेकीकडे रिकामा हात पुढे केला.

नेरेइदानं फळीवर पाऊल टाकलं.