जिप्सीचं नवं इंजिन

“सवकास सोड गो! माजो हात भितर आसा!” गाडीखालून गौरेश ओरडला आणि त्याच दमात त्याने बायकोच्या नडगीवर लाथ मारली.

तनयाने ओठ दाताखाली धरला, पण दोर सोडला नाही. दोराचं टोक तिच्या हातात होतं, मध्ये शेडच्या लोखंडी खांबाला दोन वेढे, वर कप्पी, आणि कप्पीखाली जिप्सीच्या उघड्या तोंडावर लोंबकळणारं, भंगारातल्या एस्टीम गाडीचं इंजिन. ऐंशी-नव्वद किलोंचं. उतरवायला चेन ब्लॉक भाड्याने आणूया, असं ती म्हणाली होती. “भाडां तुजो बापूस देतलो?” एवढं विचारून गौरेशने तो खर्च वाचवला होता.

बापूस आता नव्हता. जिप्सी मात्र त्याचीच होती. डिचोलीच्या खाणीवर तो हीच गाडी न्यायचा आणि खाणीच्या लाल रस्त्यांवर त्याने मुलीला हिच्यावरच चालवायला शिकवलं होतं. लग्नात गाडी तिच्याबरोबर इब्रामपूरला आली आणि चावी गौरेशच्या खिशात गेली.

इंजिन बदलायचा विचार मुळात तनयाचा. आठवडाभरात तो गौरेशचा झाला, आणि तेच बरं होतं. जिप्सीचं मूळ इंजिन थकलं होतं. घरापासून मोठ्या रस्त्याला लागणारा चढ त्याला दुसऱ्या गियरातही झेपत नसे. मांद्र्याच्या किनाऱ्यावर मित्र गाडीला हसतात, हे गौरेशच्या मनाला लागलं होतं. त्याला म्हापशाच्या भंगारातलं मोठं इंजिन हवं होतं, शिवाय टपावर सहा दिवे, रुंद चाकं आणि मोठ्याने वाजणारी गाणी.

सगळ्याला पैसे पुरणार नव्हते. तनया म्हणाली, आधी रेडिएटर, जुन्यावर हे इंजिन तापेल. थोबाडीत बसली, पण दिव्यांऐवजी रेडिएटर आला. ब्रेकचं नाव काढलं तेव्हा मुठीत केस गेले. ब्रेकही आले. मग तिने सीटची गोष्ट काढली. ड्रायव्हरची सीट पार मागे जाऊन गंजली होती.

“माजे पाय पुरतत,” सहा फुटी गौरेश म्हणाला. “तुका कित्याक व्हयी?”

“फुडे विकूची झाली तर गिऱ्हाईक बघता.”

त्याने पाना फेकला. तो कानाजवळून गेला आणि भिंतीचा टवका उडाला. सीटसाठी पैसा मिळाला नाही. गौरेश बाहेर गेला त्या दुपारी तिने डिझेल आणि तारेचा ब्रश घेतला आणि गंज स्वतःच खरवडून काढला. वंगण लावलं आणि सीट पुन्हा पार मागे सारून ठेवली.

मागच्या वर्षी ती एकदा घरातून निघाली होती. पायी. बस यायच्या आधी त्याची मोटरसायकल थांब्यावर पोचली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं त्याने तिथेच, माणसांसमोर, मागे वळवून मोडली. माणसं बस कुठून येते ते बघत राहिली. “फुडच्या टायमाक मान,” घरी आल्यावर तो शांतपणे म्हणाला आणि जेवायला बसला.

ती वाकडी बोटं आता दोरावर होती. दोन वेढ्यांमुळे इतकं वजन तिच्या एका मुठीत तोललं होतं. एक वेढा काढला असता तरी पुरे होतं. त्याचा हात चेचला असता. छातीचं मात्र नक्की सांगता येत नव्हतं.

चाकाच्या फटीतून गौरेशला तिचा चेहरा दिसला. तो हसला.

“कसलो विचार करतस? धमक आसा तर सोड!”

तनयाने दोराकडे पाहिलं, मग इंजिनाकडे.

“गियरबॉक्स फुटतलो,” ती म्हणाली.

गौरेश खदाखदा हसला. तिने दोर बोटबोट सोडला. इंजिन माउंटांवर इतकं अलगद टेकलं की त्याच्या हातालाही ते कळलं नाही.

वायरी, नळ्या आणि एक्झॉस्ट जोडण्यात आणखी काही दिवस गेले. सुरू करायच्या सकाळी गौरेशने तिच्या हातात डबा दिला. “मोटरसायकलीतला पेट्रोल काढ.” किती ते तो बोलला नाही. तिने शेवटच्या थेंबापर्यंत काढलं आणि गाडीत ओतलं.

“आता बस आणि रेस दी,” चावी लावून तो बॉनेटखाली वाकत म्हणाला.

ती स्टिअरिंगमागे टेकली. सीट इतकी मागे होती की ती कडेवर सरकली, तेव्हा कुठे उजव्या पायाचा चवडा रेसला लागला.

“पोचता मां? रेस देवक एक पाय पुरे!” तो ओरडला. “माकडीण बसल्यासारी दिसतस!”

तिने चावी फिरवली. इंजिन पहिल्यांदा खोकलं, मग एका सुरात लागलं. गौरेशने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला, कान दिला, पुन्हा फिरवला. तनयाने काट्याकडे पाहिलं. इंजिन तापत नव्हतं. त्याने दणकन बॉनेट आपटलं आणि हात पँटला पुसले.

“उतर आता. मांद्र्याक जाऊन दाखवतंय तेंका.”

उत्तराची वाट न पाहता तो फाटकाकडे गेला. एक झडप त्याने पायाने ढकलली. दुसरी जमिनीत रुतायची. ती त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि पाठमोरा होऊन पार भिंतीपर्यंत नेली. फाटकापलीकडे तांबडा चढ सरळ वर मोठ्या रस्त्याला जात होता.

तनयाने सीटखालची दांडी ओढली. सीट आवाज न करता पुढे सरकली आणि खट्टदिशी बसली. आता तिचे पाय तिन्ही पेडलांवर नीट पोचत होते.