भवानीचं गिऱ्हाईक

ये, बस, तुला गवराक्काची गोष्ट सांगतो.

मी शाळेची गाडी चालवतो, ती एकदा घसरली. पोरांना काही झालं नाही, पण माझी झोप गेली. डॉक्टरनं झोपेची गोळी दिली, तरी जीव धास्तावलेलाच. म्हणून बाजारात गवराक्काकडं अश्वगंधा घ्यायला गेलो.

जडीबुटीवाली ती, सकाळपासून तिची भवानी झाली नव्हती. पुडी बांधता बांधता तिनं विचारलं, “दुसरं काय औषध खातोस?”

मी गोळीचं पाकीट दाखवलं. तिनं पुडी सोडून पावडर परत डब्यात ओतली.

“दोन्ही मिळून स्टेरिंगवर डुलशील, मुडद्या. आधी डॉक्टरला विचार.”

डॉक्टर म्हणाला, “बाईनं गाडीभर पोरं वाचवली.”

ती अशीच गिऱ्हाइकं परत पाठवत बसते. उद्या बाजाराला चाललास ना, तिच्याकडनं निदान शिकेकाई तरी घे.